मी बागेच्या कात्रीला धार लावली

आमच्या बेटावरच्या वाक्वा गावात आम्ही घर घेतलं तेव्हा मी सरकारी कचेरीत कारकून होतो. तोवरच्या आयुष्यात मी कागद, केक आणि दाढी करताना स्वतःची हनुवटी एवढंच काय ते कापलं होतं. घरामागे जमिनीचा बऱ्यापैकी तुकडा होता. बायको शेतकऱ्याघरची. तिने आठवड्याभरात तिथे टोमॅटो, मिरच्या आणि शूशू या फळभाजीचा वेल लावला आणि मला सांगितलं, "गवत तुम्ही काढायचं."

मी काढत होतो. म्हणजे कोयत्याने गवताला मारत होतो. गवत आडवं पडायचं, मी चहा प्यायला आत जायचो, आणि बाहेर येईपर्यंत ते पुन्हा उठून उभं राहिलेलं असायचं.

हे एका रविवारी माझ्या सासऱ्यांनी पाहिलं.

सासरे प्लेन दे पपायहून दोन बस बदलून यायचे. जन्मभर ऊस कापलेला माणूस. अंगाने वाळलेले, मिशा पांढऱ्याशुभ्र, बोलणं मोजकं. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून कोयता घेतला, धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "जावयबापू, हा कोयता कुटला?"

"लग्नात तुम्हीच दिलेला, मामा."

"आनि धार कवा लावली?"

मी जरा विचार केला. "तुम्ही लावूनच दिलेली होती ना?"

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. सासऱ्यांनी शर्टाची बाही वर केली आणि तो कोयता स्वतःच्या हातावर व्हायोलिन वाजवावं तसा मागेपुढे चांगला ओढला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते मला हात दाखवत होते. "बगा. रेघ पन न्हाय." मग त्यांनी कोयता जमिनीवर अगदी हळुवार ठेवला, आजाऱ्याला ठेवावं तसा, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "पोरी, तुजा नवरा हात-पाय धडके घेऊन फिरतो, त्याचं कारन मला आता कळलं!"

पुढच्या खेपेला ते गोणपाटाची पिशवी घेऊन आले. पिशवीतून एक काळा चपटा दगड निघाला, त्यांच्या शेताच्या बांधावरचा; एक करडा, मऊ, साबणाच्या वडीसारखा झिजलेला निसणा निघाला; आणि एक कानस, जिला ते 'लालीम'च म्हणत. शेवटी सार्डिन माशांचा रिकामा डबा निघाला. तो पाण्यासाठी. आमच्या घरात पाच-सहा वाट्या आहेत असं मी सांगून पाहिलं, पण त्यांच्या मते सार्डिनच्या डब्याखेरीज इतर कशातलंही पाणी धारेला चालत नाही.

"बसा," ते म्हणाले आणि स्वतः नळाजवळ उकिडवे बसले.

मी बसलो. म्हणजे निम्मा बसलो. कचेरीत बसून बसून माझे गुडघे खुर्चीच्या उंचीपर्यंतच वाकत होते. त्याखाली गेलो की मी मागे कलंडायचो. दोनदा कलंडल्यावर बायकोने आतून खोबरं खवायचा पाट आणून माझ्याखाली सरकवला. सासऱ्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. जावयाचा मान असतो.

त्यांची रीत अशी: अवजाराची मूठ पायाखाली दाबायची, पातं आपल्याकडे घ्यायचं, आणि हातातला दगड पाण्यात बुडवून पात्यावरून फिरवायचा. दगड पात्याला किती कलता धरायचा, हे ते शब्दांत सांगत नसत. "आवाज ऐका," म्हणायचे. "खर्र खर्र करल तर तुमी चुकला. स्स करायला पायजे." आणि त्यांच्या हाताखाली तो कोयता खरोखरच स्स करायचा. माझ्या हाताखाली त्याने पहिल्या दिवशी जे आवाज काढले, त्यांनी आमचं मांजर शूशूच्या वेलावर चढलं ते जेवायलाच खाली आलं.

तासाभराने मी माझं काम त्यांना दाखवलं. त्यांनी पातं डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत पाहिलं.

"जावयबापू, सुयाकचा समुद्र पायलाय तुमी?"

"पाहिलाय, मामा."

"मंग तो पुन्यांदा घरात कशाला आनला?" पात्याची धार खरंच लाटालाटांची झाली होती.

पण मी सोडलं नाही. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. दिवसभर मी कचेरीत एका टेबलावरचे कागद दुसऱ्या टेबलावर नेत असे, आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीच वेगळं झालेलं नसे. इथे मात्र सहाला बसावं, आणि साडेसहाला समोरची वस्तू बदललेली असावी. महिनाभर रोज बसलो. एके संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबला होता, तेव्हा माझा कोयता पहिल्यांदा स्स म्हणाला. मी बायकोला बाहेर बोलावलं. ती हातातलं पीठ तसंच घेऊन आली. मी पुन्हा एकदा दगड फिरवला. स्स.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी सांगावं की सांगू नये असा भाव आला. मी तो आनंदाचा समजलो.

इथून पुढे मी बिघडलो.

कोयता झाला, विळा झाला, खुरपं झालं. मग फावडं. फावड्याला इतकी धार कुणी लावत नाही, हे मला सांगणारा कुणी जवळ नव्हता. केळीसाठी खड्डा खणायला घेतला, पाय दाबला, आणि फावडं जमिनीत असं गेलं की मला वाटलं, आज माती किती मऊ आहे! तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, नळाचं पाणी गेलं!"

"गेलं नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडावर कारंजं उडत होतं. "इकडे आलंय."

मग मी घरात शिरलो. सुऱ्या केल्या. बायकोने कांदा कापायला घेतला तर कांद्याबरोबर पोळपाटाचाही काप निघाला. खवणीचा एकेक दात मी कानशीने टोकदार केला. त्यानंतर तीन दिवस नारळाची चटणी फार खमंग, कुरकुरीत लागत होती. रविवारी सासरे जेवायला आले, पहिल्या घासाला थांबले, तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि मुलीला म्हणाले, "खोबरं झकास हाय. पन करवंटी वेगळी वाड."

दुसऱ्या दिवशी घरातले डाव आणि झारे दिसेनासे झाले. बायकोने ते कपड्यांच्या पेटीत कुलूप लावून ठेवले होते. आमटी आम्ही वाटीने वाढून घेऊ लागलो.

कचेरीतही माझं नाव झालं. मी पेन्सिलींना अशी टोकं काढायचो की तीन प्रतींच्या फॉर्मवर शेरा लिहायला गेलो की पेन्सिल तिन्ही प्रतींतून आरपार जाऊन टेबलात उभी राहायची. साहेब एकदा येऊन माझ्या टेबलावरची भोकं बघून गेले. त्या दिवसापासून मला ते जरा लांबूनच हाक मारू लागले.

आणि धार लागली की नाही हे बघायचं कसं, तेही सासऱ्यांनीच शिकवलं होतं: मनगटावरचे केस पात्याने साफ उतरले की काम झालं. मी रोज काम करत होतो. दोन-तीन महिन्यांत माझा डावा हात कोपरापर्यंत दुधी भोपळ्यासारखा गुळगुळीत झाला, उजवा मात्र पूर्वीसारखाच केसाळ. प्लेन मान्येनला एका लग्नात मी बाह्या दुमडून वाढायला उभा राहिलो, तर बायकोच्या मावशीने माझे दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले आणि बायकोला बाजूला नेलं.

"आयो, कवापास्नं हाय हे?"

"झाले दोनेक महिने," बायको म्हणाली.

"पसरतंय?"

"हो," बायको सुस्कारा टाकून म्हणाली. "आता पायावर येईल असं वाटतं."

आता आमच्या शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या आणि त्याच्या बागेच्या मध्ये बांबूचं कुंपण होतं, दाट, बारीक पानांचं, पुरुषभर उंच. त्याचं फाटक मागच्या गल्लीत, आमचं पुढच्या. त्यामुळे दोन वर्षं शेजारी राहूनही आम्ही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पाहिली होती ती फक्त त्याची हॅट. सकाळ-संध्याकाळ एक तपकिरी हॅट कुंपणाच्या वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जायची. मी नमस्कार म्हणून "बोंझूर, मस्ये!" म्हणायचो. हॅट थांबायची, थोडी वर उचलली जायची, "बोंझूर, मस्ये!" असा खोल आवाज यायचा, आणि हॅट पुढे जायची. पुरुषभर उंच कुंपणाच्या वर ज्याची हॅट दिसते, तो माणूस केवढा असेल! आम्ही त्याला मनातल्या मनात फार मानत होतो. नव्या वर्षाला बायकोने त्याच्यासाठी दुकानातला सर्वांत मोठा शर्ट आणला आणि आम्ही तो काठीला अडकवून कुंपणावरून पलीकडे पाठवला. काठी रिकामी परत आली. "मेर्सी, मस्ये," हॅट म्हणाली.

गणेशचतुर्थी जवळ आली. आमच्याकडे गणपती बसायचा, पाहुणे यायचे. बायको म्हणाली, "कुंपण वरून जरा सारखं करा. जरासंच." बागेची मोठी कात्री तोवर माझ्या तावडीतून कशी काय सुटली होती कोण जाणे. मी तिचा बोल्ट काढला, दोन्ही पाती सुटी केली आणि तीन संध्याकाळी त्यांच्यावर घालवल्या. मग पुन्हा जोडली आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी कुंपणापाशी गेलो.

पहिलाच चावा असा गोड लागला की मी थांबून मागे कुणी आहे का ते पाहिलं. बांबूच्या फांद्या नुसत्या पात्यांमध्ये आल्या की पडत होत्या. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, मागे सरून पाहिलं, तर डावी बाजू थोडी उंच. ती खाली घेतली. आता उजवी उंच. ती घेतली. हे डोळ्यांनी जमणार नाही असं वाटून मी एक सुतळी आणली, तिचं एक टोक नळाला बांधलं आणि दुसरं शूशूच्या मांडवाला. सुतळी ताणली. मांडव जरा वाकला. सुतळीप्रमाणे कापलं. सुतळी सैल वाटली म्हणून पुन्हा ताणली. मांडव आणखी वाकला. सुतळीप्रमाणे कापलं.

"झालं का?" बायकोने आतून विचारलं. ती मोदकांच्या तयारीत होती.

"एवढी एक बाजू!"

असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी घाम पुसायला मान वर केली, तेव्हा कुंपण माझ्या छातीपर्यंत आलं होतं आणि पलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, एक माणूस उभा होता.

तो हलत नव्हता. हललो नाही तर दिसणार नाही, अशा बेताने तो अंग चोरून उभा होता. डोक्यावर तपकिरी हॅट. अंगात आम्ही दिलेला शर्ट, बाह्या चार घड्या दुमडलेल्या, खालचा घेर गुडघ्यांपर्यंत. कुंपणावरून वाकून पाहिलं तर त्याचे गुडघे दिसत होते, आणि पायांखाली एक फळी होती. फळी दगडांच्या थरावर टाकलेली होती आणि ती कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट लावायच्या धक्क्यासारखी, सरळ गेली होती.

मी कात्री खाली घेतली.

"बोंझूर, मस्ये," मी म्हणालो.

त्याने हॅट उचलली, मग त्याच्या ध्यानात काय आलं ते आलं, आणि तो फळीवरून खाली उतरला. उतरला तो दिसेनासाच झाला. माझ्या छातीएवढ्या कुंपणावरही आता पुन्हा फक्त हॅट उरली. मग तिच्याखालून तोच खोल आवाज आला. आम्ही क्रेओलमध्येच, म्हणजे इथल्या बोलीतच, बोलायचो.

"तुम्ही दगड फार उभा धरता."

"काय?"

"दगड. पात्यावर. फार उभा. जानेवारीपासून सांगीन सांगीन म्हणतोय." "पण सांगितलं असतं तर मी बघतो हे तुम्हाला कळलं असतं. मस्ये, चाळीस वर्षं मी न्हावी होतो. रोज संध्याकाळी तुम्ही तिथे बसायचात आणि मी इथे पानांच्या फटीतून बघत उभा राहायचो. मला रात्रीचं जेवण जात नव्हतं."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. इतके महिने माझं काम कुणीतरी इतक्या मन लावून पाहत होतं! आमच्या घरी तर मी दगड घेऊन बसलो की सगळे आत जात. मी त्याला उद्या प्रसादाला यायचं आमंत्रण दिलं.

बायको बाहेर आली, तिने कुंपण पाहिलं, हॅट पाहिली, वाकलेला मांडव पाहिला. ती एवढंच म्हणाली, "मी 'जरासं' म्हटलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे आले. पूजा झाली, आरती झाली, आणि शेजारी नवा शर्ट घालून, मागच्या गल्लीतून वळसा घेत, आमच्या पुढच्या फाटकाने पहिल्यांदाच आत आला. तो माझ्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हता. मी त्याची सासऱ्यांशी ओळख करून दिली, आणि तिथे मला अक्कल सुचली. मी म्हणालो, "मामा, हे म्हणतात मी दगड उभा धरतो."

सासऱ्यांनी शेजाऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला नाही. "ह्ये कोन सांगनार?"

"आणि मुळात दगड फिरवायचा कशाला?" शेजारी म्हणाला. "दगड जागेवर. पातं फिरतं. वस्तऱ्याला कधी कुणी दगड घासलाय?"

"ऊस काय गाल हाय काय?" सासरे कडाडले.

पाच मिनिटांत दोघे नळाजवळ उकिडवे बसले होते, मध्ये सार्डिनचा डबा. मराठी, क्रेओल, भोजपुरी, जे तोंडाला येईल त्यात भांडत होते. शेवटी सासऱ्यांनी कात्रीचा बोल्ट काढला, एक पातं शेजाऱ्याच्या मांडीवर टाकलं, दुसरं स्वतःच्या पायाखाली घेतलं. ज्याचं पातं जास्त कापेल तो खरा. एकाच कात्रीची दोन पाती घेऊन अशी पैज कशी लागणार, हे त्या दोघांच्या लक्षात आलं नाही, आणि सांगायची माझी हिंमत नव्हती. पाहुणे हातातले मोदक घेऊन भोवती जमले. एकीकडून स्स, स्स. दुसरीकडून त्याहून बारीक, मला तोवर ठाऊकच नसलेला, काहीसा झुळझुळ आवाज.

"हात," सासरे मला म्हणाले. डावा हात कामाचा नव्हता, म्हणून उजवा पुढे केला. एका पट्ट्यात सासऱ्यांनी केस उतरवले, शेजारच्या पट्ट्यात न्हाव्याने. दोन्ही पट्टे सारखेच साफ. मग मी बोल्ट घालून कात्री जोडली आणि सासऱ्यांनी तिने केळीच्या पानाची कड कापायला घेतली.

पान कापलं गेलं नाही. ते दोन पात्यांमध्ये घडी होऊन अडकलं.

"तुमचं पातं!" शेजारी ओरडला.

"तुजं!" सासरे ओरडले. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा घडी. वर्तमानपत्राचा कागद आणला, त्याची तर सुबक पत्रावळ झाली. दोघेही म्हातारे उठून उभे राहिले होते, आणि माझ्या सासऱ्यांना मी इतकं बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात बायको आली. तिच्या एका हातात पाना होता. तिने बापाच्या हातातून कात्री घेतली, बोल्टावरची चाकी दोनदा आवळली, पाती उघडमीट करून कान लावून ऐकलं, अर्धा फेरा सैल केली. मग घासताना पात्याच्या आतल्या बाजूला वळलेली धातूची बारीक तार तिने निसण्याचा एक हात फिरवून काढली. एक स्स झालं. मग तिने केळीचं पान उचललं आणि त्याचे, बोलता बोलता, दहा सारखे तुकडे केले. "पंगत बसतेय," ती म्हणाली. "हात धुवा."

मी तिच्या मागोमाग आत गेलो. "तुला हे येतं?"

"लहानपणी घरातले सगळे कोयते मीच पाजळायची. बाबांना माझ्याच हातची धार चालायची."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

तिने डाळ ढवळली. वाटीने. "तुम्ही इतके खूश होता," ती म्हणाली. "त्या दिवशी कोयता स्स म्हणाला तेव्हा सांगणार होते. पण तुमचं तोंड बघून राहिलं." मग ती हसायला लागली, आणि तिला ते आवरेना. मोदकाच्या पिठाने भरलेल्या हाताने तिने तोंड झाकलं तर नाक पांढरं झालं. मीही हसलो. बाहेर दोघे म्हातारे हात धुता धुता अजून वाद घालत होते.

त्या दिवसापासून अवजारं तिने ताब्यात घेतली. मला गवत ठेवलं. डाव आणि झारे पेटीतून बाहेर आले. सासरे आणि शेजारी यांचं भांडण काही मिटलं नाही, आणि ते मिटू नये याची दोघेही काळजी घेत. सासरे आता दर पंधरवड्याला येऊ लागले. येताना शेतातला एखादा बोथट विळा बरोबर असायचाच. बसमधून उतरले की आधी मागच्या गल्लीत वळायचे, न्हाव्याकडे चहा घ्यायचे, त्याला दोन शब्द सुनवायचे, आणि मग कधीतरी आमच्याकडे. बायकोला ते लागायचं. "बाप माझा आहे की त्याचा?" असं ती मला विचारायची, जसं काही मीच ते ठरवतो.

एकदा तर ते आमच्याकडे आलेच नाहीत. तिथूनच परतीच्या बसने गेले. आमच्यासाठी आणलेली वांग्यांची पिशवी मात्र संध्याकाळी शेजाऱ्याने कुंपणावरून दिली आणि सांगितलं की त्यातली दोन त्याने ठेवून घेतली आहेत, आणि तुमच्या सासऱ्यांना त्याबद्दल काही बोलू नका, कारण त्यांना वांगी कशी चिरायची हेही कळत नाही.